सगळ्यांच्या ताटात ब्रेड

आमच्या पारगावच्या घरात त्या काळी ब्रेड यायचा तो फक्त आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसांच्या पिशवीतून. ब्रेडचा एक पुडा, ग्लुकोजची बिस्किटं आणि चार मोसंबी एवढं घेऊन लोक यायचे, उंबऱ्याशी चपला काढायचे आणि आवाज बारीक करून विचारायचे, "आता कसं हाय?" धडधाकट माणसानं ब्रेड खाल्ला तर हसू व्हायचं. पोरानं हट्ट केला तर आई म्हणायची, "ताप आलाय का रं तुला?" माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या बारा दिवसांत घरात इतका ब्रेड साठला की उरलेला म्हशीला घातला. मी तेव्हा या घरात आले नव्हते. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावायच्या. त्यांच्या लेखी घरात ब्रेड आला म्हणजे माणूस जायला निघाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांच्या गालाच्या आत एक जखम झाली आणि बरी होईना. जन्मभर मिश्री लावलेलं तोंड. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं. दर तीन आठवड्यांनी सलाईन, अशा सहा तारखा, आणि एकही चुकवायची नाही. भाकरी बंद, तिखट बंद, दुधात भिजवलेला ब्रेड द्या, असंही सांगितलं. नवरा व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, "आईला कळता कामा नये. ती रोगानं न्हाई, धसक्यानं जाईल." मी मान डोलावली. रोगाच्या नावानं मी घाबरलेच होते, पण खरं सांगते, त्याच्याइतकीच धास्ती मला त्या ब्रेडची बसली.

मी मुळातच घोर लावून घेणारी. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तरी माझ्या मनात ती कधीच खड्ड्यात गेलेली असते. मन चिंती ते वैरी न चिंती, हे माझ्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. आत्याबाईंना आम्ही सांगितलं की तोंडात उष्णतेचा फोड झालाय, त्यावर सलाईन लावतात. त्यांनी ते मानलं. पुढे केस गळायला लागले तेही उष्णतेच्या खात्यात गेलं. पण खायचं काय? भाताचं शीत जखमेत अडकायचं, शिऱ्याचा रवा टोचायचा, खिमटाला त्या दोन दिवसांत विटल्या. पुण्याच्या दवाखान्यात मात्र दुधातला ब्रेड त्यांना विनासायास गेला होता. तिथं सगळ्यांनाच देतात म्हणून त्यांनी तो मनाला लावून घेतला नव्हता. घरी त्यांच्या एकटीच्या ताटात ब्रेड वाढला असता तर त्यांनी ताटाकडे पाहिलं असतं आणि मग माझ्याकडे.

माझं माहेर जुन्नरचं. आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या घरीच ब्रेड करायच्या, तेही दुकानातलं यीस्ट न घालता. त्यांच्या खिडकीत काचेची एक बरणी असायची, तिच्यात मैद्याचं आंबवण. त्याला रोज दोन चमचे मैदा, एक चमचा साखर आणि थोडं पाणी द्यायचं. साखरेमुळे ते आंबूस कमी आणि गोडूस जास्त लागायचं, म्हणून त्या त्याला गोड विरजण म्हणायच्या. मी एकदा माहेरी गेले आणि त्यांच्यापुढे सगळं रडगाणं गायले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "अगं, ब्रेड-दूध म्हणजे आजारपण. पण त्याच ब्रेडमध्ये काकडी-बटाटा घातला की सँडविच होतं. सँडविच खाणाऱ्याला कुणी कसं आहे म्हणून विचारत नाही. सगळ्या घरालाच खायला घाल की."

इतकं सोपं. सगळ्यांनी खाल्ला तर तो आजाऱ्याचा राहणार नाही. मी त्याच दिवशी बाजारपेठेतल्या पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून एक लांबट चौकोनी डबा करून घेतला, बाईंकडून विरजण घेतलं आणि एसटीत बसले. बरणी मांडीवर. नारायणगाव येईपर्यंत झाकणातून फेस यायला लागला आणि आंबूस वास सुटला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "ताई, बाटलीबंद माल न्यायला बंदी हाय गाडीत." सगळी गाडी हसली. मी झाकण घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच विचार, हे सांडलं तर आत्याबाई काय खाणार.

पहिला ब्रेड वीट झाला. चुलीवर मोठं पातेलं, त्यात तापलेली नदीची वाळू, वाळूवर डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे, असा सगळा थाट. निखारे जास्त झाले, वरून कोळसा आणि आतून चिकट गोळा. नवरा म्हणाला, "टाकू नको. पाटाचं पाणी फुटलंय, तिथं बसवतो." दुसऱ्या खेपेला मी पीठ फुगायला पुरता वेळ दिला नाही. तिसरा जमला. सकाळी धार काढून झाल्यावर पीठ तिंबायचं, ते दुपारपर्यंत डब्याच्या काठाला येतं, आणि पोरं शाळेतून यायच्या सुमाराला भाजून तयार. वरचा पापुद्रा तांबूस आणि आत कापसासारखा.

त्या दिवशी वास गल्लीभर गेला. शेजारीण परसातून डोकावली आणि तिनं जे विचारलं ते ऐकून माझ्या हातातला चिमटा पडला.

"कोण आजारी हाय गं?"

आत्याबाई चार हातांवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी घाईघाईनं म्हणाले, "आजारी कशाला कोण? पोरांना सँडविच पायजे. टीव्हीवर बघत्यात ना." शेजारीण म्हणाली, "तुमच्या पोरांचे लई लाड बाई." आत्याबाई हसल्या. मी आत जाऊन पाणी प्यायले.

तेव्हापासून आमच्या घरात एक दिवसाआड सगळ्यांच्या ताटात ब्रेड. पोरांना हिरवी चटणी, काकडी, बटाट्याच्या चकत्या. नवऱ्याला लसणाची चटणी. आत्याबाईंना कडा काढलेल्या चकत्या, लोणी-साखर आणि दूध, "तुमचा फोड बरा होईस्तवर" असं म्हणून. नवरा कारखान्यावरून दमून यायचा, त्याला बाजरीची भाकरी आणि पिठलं हवं असायचं. तो मुकाट्यानं चार सँडविच खायचा आणि नंतर गोठ्यात जाऊन मी गुपचूप ठेवलेली भाकरी खायचा. एकदा थोरल्यानं विचारलं, "पप्पा गोठ्यात काय खात्यात?" त्याला मी असा डोळा दाखवला की बिचारा पुढं आठवडाभर गोठ्याकडे फिरकला नाही.

ब्रेडपेक्षा त्या विरजणाची काळजी जास्त. थंडीत ते निपचित पडायचं, मग मी बरणी शालीत गुंडाळून चुलीमागं ठेवायची. बुडबुडे दिसले नाहीत की माझा जीव टांगणीला. ते मेलं तर जुन्नर गाठावं लागणार, आणि मधल्या दोन दिवसांत आत्याबाईंच्या पोटात काय जाणार? सभासदांना मिळणारी कारखान्याची साखर घरात होती, तिचा कधी तोटा नव्हता, पण मला स्वप्नात रिकामा साखरेचा डबा दिसायचा. आत्याबाईंना मात्र त्या बरणीचा लळा लागला. त्या काचेला डोळा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "जित्तं हाय गं हे. बघ कसं सुस्कारे टाकतंय." पुढे पुढे त्याच साखर घालायला लागल्या. एक चमचा सांगितला असताना दीड घालायच्या. म्हणायच्या, "खाऊ दे. लेकरू हाय."

मला वाटलं, जमलं. तीन तारखा पार पडल्या होत्या. जखम थोडी आटली होती, आणि कुणाला काही कळलं नव्हतं. आम्ही नातेवाइकांनाही सांगितलं नव्हतं, कारण एकाला सांगितलं की दहाजण पिशवी घेऊन येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ माझी एकटीची नव्हती, हे मी विसरले.

आत्याबाईंचं माहेर पिंपरी पेंढारचं. तिथं त्यांचा धाकटा भाऊ. एक दिवस मी शेतावर खुरपायला गेले असताना त्यांनी आदल्या दिवशीचा ब्रेड धुतलेल्या फडक्यात बांधला आणि कांदे घेऊन आळेफाट्याला निघालेल्या टेंपोवाल्याजवळ दिला, माझ्या भावाच्या घरी पोच कर म्हणून. सुनेचं कौतुक माहेरी जावं, एवढीच त्यांची हौस. संध्याकाळी त्यांनीच मला सांगितलं. "म्हटलं, आमची सून घरात ब्रेड करती, बघू दे त्यांनाबी."

आमच्याकडे वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. "जरा येऊन जा" एवढाच निरोप येतो आणि माणूस काय ते समजतो. त्यात बहिणीच्या घरून, चिठ्ठी नाही, शब्द नाही, नुसता ब्रेड आलेला. मी रात्री नवऱ्याला म्हणाले, तुम्ही उद्या पहाटेच्या गाडीनं जा आणि मामांना सांगा, काही नाही म्हणून. तो म्हणाला, "तू उगाच भुई धोपटती. ब्रेडच तर हाय." तो नेहमीच असं म्हणतो, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याचं खरं असतं.

सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात मामा उभे. मागं मामी, आणि त्यांच्यामागं भावकीतली दोन माणसं. चौघांच्या हातांत पिशव्या. प्रत्येक पिशवीतून ब्रेडचा पुडा दिसत होता. मामींनी पदर आधीच डोळ्यांना लावला होता. वाटेत कुठंतरी त्यांनी ठरवून टाकलं असणार की आपल्याला उशीर झाला.

आत्याबाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. त्या उठल्या आणि सूप तसंच हातात. "या की. असं अचानक कसं काय?" मग त्यांचं लक्ष पिशव्यांकडे गेलं. त्या पिशव्यांकडे बघत राहिल्या. "आमच्या घरात कोण आजारी हाय?"

मामा बहिणीच्या तोंडाकडे बघत होते. डोक्यावरचा पदर घट्ट बांधलेला, गाल आत गेलेले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच बघत होते ते. त्यांचा चेहरा उतरायला लागला आणि मामींनी पहिला हुंदका देण्यासाठी श्वास घेतला. तो श्वास मला ऐकू आला. नवरा कारखान्यावर गेला होता. दारात मी एकटीच.

"मी," मी म्हणाले. "मी आजारी हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मामांनी विचारलं, "काय झालंय, पोरी?"

मला हिवताप म्हणता आलं असतं, कावीळ म्हणता आलं असतं. पण दोन महिने एकच शब्द मी दाताखाली दाबून धरला होता, आणि नेमका तोच बाहेर आला. "पोटात गाठ हाय."

मामींनी तो तयार ठेवलेला हुंदका माझ्या गळ्यात पडून दिला. आत्याबाईंच्या हातातलं सूप सुटलं आणि गहू ओटाभर झाले.

पाहुणे दुपारी गेले. मोठ्या चिंतेतून सुटले म्हणून मी जरा श्वास घेतला, पण ते आगीतून फुफाट्यात पडणं होतं हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. आत्याबाईंनी मला पाण्याला हात लावू दिला नाही. धार त्यांनी काढली, चूल त्यांनी पेटवली, पीठसुद्धा त्यांनीच तिंबलं. मला तीन खेपा लागल्या ते त्यांना बघून बघून येत होतं. मग त्यांनी वाटीत दूध घेतलं, ब्रेड कुस्करला आणि चमचा माझ्या तोंडापुढे धरला. मी म्हणाले, आत्याबाई, तुम्ही खा. त्या म्हणाल्या, "हे आजाऱ्याचं असतंय. मला काय धाड भरली?"

आणि स्वतः त्यांनी भाकरी घेतली. दुधात मऊ केली, पण भाकरीच. दोन घास गेले आणि त्यांनी तोंड वळवलं. पदराच्या टोकाला तांबडं लागलेलं मी पाहिलं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो डोकं धरून बसला. म्हणाला, "आता खोटंच पुढं चालव. तू बरी झाली म्हण." मी दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं, मला आता बरं वाटतंय. आत्याबाई म्हणाल्या, "ह्यांनी पण असंच म्हटलं व्हतं." म्हणजे माझे सासरे.

मला त्यांच्या प्रेमाची भीती वाटायला लागली. मी सकाळी कुंकू लावताना त्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या. मी खोकले तर उठून बसायच्या. पोरांना जवळ घेऊन सांगायच्या, आईला तरास देऊ नगा. मला सगळं गिळावं लागत होतं, ब्रेडसकट. त्यांच्या वाटणीचा तो मऊ ब्रेड माझ्या धडधाकट पोटात जात होता, आणि त्यांचं वजन घटत होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

दहा दिवसांनी चौथी तारीख आली. सकाळची सातची गाडी. नवरा पिशवी भरून तयार. आत्याबाई चुलीपुढे पीठ तिंबत होत्या, घरातलंच जुनेर नेसून. नवरा म्हणाला, "आई, आवर." त्या म्हणाल्या, "मी न्हाई येत."

"आई, तारीख चुकवायची न्हाई, डॉक्टर बोलले ना."

"माझ्या तोंडाला काय व्हतंय? फोडच हाय. बसंल आपोआप." त्यांनी वर बघितलंही नाही. "माझ्या तारखेला हिला ने. त्या डॉक्टरास्नी म्हणावं, म्हातारीची सलाईन हिला लावा. हिची पोरं अजून कडेला आलेली न्हाईत."

नवऱ्यानं समजावलं, मग आवाज चढवला, मग हात जोडले. बाहेर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली. तो दारातच खाली बसला. पुढची गाडी साडेदहाची होती. ती गेली असती तर डॉक्टरांची वेळ टळली असती.

मी आत गेले आणि चुलीपुढे त्यांच्याशेजारी बसले. त्यांचे हात मनगटापर्यंत पिठात होते. मी त्यांना काय काय सांगावं याची जुळवाजुळव केली होती, हळूहळू, बेताबेतानं. तोंडातून आलं ते एका दमात.

"आत्याबाई, मला गाठ न्हाई. कायच न्हाई. गाठ तुमच्या तोंडात हाय. तो फोड न्हाई. क्यान्सर हाय. त्यादिवशी मामींनी तुमच्या गळ्यात पडून रडू नये म्हणून मी खोटं बोलले. हा ब्रेडबी तुमच्यासाठीच व्हता. सगळ्यांनी खाल्ला तो तुम्हाला कळू नये म्हणून."

दारात नवऱ्यानं "अगं," एवढंच म्हटलं आणि थांबला.

त्यांचे हात पिठात थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून पिठाकडे बघत होते. ज्या क्षणाला मी दोन महिने घाबरले, सगळ्या घराला ज्याच्यापायी ब्रेड खाऊ घातला, तो आला होता आणि मीच तो आणला होता. मला वाटलं, आता या इथंच कोसळतील.

"मंजी तुला काय न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "न्हाई."

त्यांनी पिठाचा हात उचलला आणि माझ्या पोटावर ठेवला. पातळावर पाचही बोटं उमटली. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, बाजारात कलिंगड बघतात तसं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "हितं दुखतंय? हितं? खरं सांग."

"न्हाई, आत्याबाई. शप्पथ."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग तोच हात त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत घातला. "धा दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई माझ्या," त्या म्हणाल्या. "धा दिस." आणि नवऱ्याकडे वळून, "ते इरकल काढ पेटीतनं. साडेधाची गाठायची ना?"

फाट्यावर गाडी येईपर्यंत आम्ही तिघं उभे होतो. त्यांनी रोगाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, मागं वळल्या आणि मला पुन्हा विचारलं, "मंजी तुला खरंच काय न्हाई ना?" मी नाही म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "काय न्हाई बाबा तिला, चांगली हाय. चल, मार बेल."